न सापडलेला बिघाड

"सापडलं काय, मॅडम?" चहाचा कप अंकिताजवळ ठेवत ताराचंदकाकांनी विचारलं. संगणकाचं काम करायला ती भाजीपाला संघात आली, त्या दिवसापासून ते रोज हेच विचारत होते.

"नाई अजून, काका," ती म्हणाली.

खरं तर दहाच मिनिटांपूर्वी सापडलं होतं. देवळीजवळच्या या संघात ओली मेथी आधी मोजायची, निथळली की पुन्हा मोजायची आणि वजनाची पहिली चिठ्ठी रद्द करायची अशी रीत. वजनकाट्याचा प्रोग्राम प्रत्येक चिठ्ठीसाठी डेटाबेसशी एक कनेक्शन उघडायचा. चिठ्ठी रद्द झाली की ते बंद करायचं मात्र विसरायचा. उघडी कनेक्शनं साचत जायची, मेमरी भरायची, आणि तीन-चार तासांत काटा ठप्प. मग ताराचंदकाका प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करत. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. पण सहा वर्षं, सणवारसुद्धा, त्यावरच संघ चालला होता. काकांना दुसरं कामच नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची होती, आणि त्या ओळीने काकांच्या पोटावर पाय येणार होता.

अंकिताला फार वाईट वाटलं. तिची नोकरीही याच बिघाडावर ठरणार होती; संघाच्या सचिवांनी पहिल्याच दिवशी तसं बजावलं होतं. पण ती तरुण होती, कुठेही पोट भरलं असतं. साठीला टेकलेला हा माणूस कुठे जाणार? रोज विचारताना त्यांचा आवाज कापायचा. बिचारे भिऊन असतात, तिला वाटायचं.

तिने लिहिलेली ओळ पुसली. बिघाड सापडला नाही, असा अहवाल दिला. सचिवांनी तो वाचला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

काका तिला फाटकापर्यंत पोचवायला आले.

"तुम्ही पाचव्या," ते म्हणाले. "कोनालेच नाई सापडलं."

"बरंच झालं न, काका. तुमचं काम तर राह्यलं."

काकांनी फाटकाची कडी सरकवली.

"माह्या राजीनाम्याचा कागद सचिव सायबानं दोन वर्षांपासून अडवून ठेवला. म्हनते, बिघाड सापडला का त्याच दिवशी सोडतो, तोवर काटा कोन पाहीन? तसाच गेलो तं फंडाचा पैसा बुडते." त्यांनी खिशातून फोन काढला. "बायको तिकडं समुद्रपूरले अंथरुनावर हाय. डाक्टरनं महिनाभरच जगन म्हनून सांगतलं. तिले सांगतो आता, वाट नको पाहू."