पुठ्ठ्याची चांदणी

“बाई, वाकडं कापताय,” आजी म्हणाल्या. “माझी मुलगी असती तर एका दमात कापलं असतं.”

समोर नव्याने राहायला आलेल्या दोघी बहिणी फिदीफिदी हसल्या. सुट्टी लागली होती आणि खिडकीत टांगायला चांदण्या करायच्या होत्या. फ्रिजचं रिकामं खोकं उलगडून जमिनीवर पसरलं होतं. मुली आजींना चिकटून बसल्या होत्या. बाई कात्री घेऊन एका कडेला.

तिने पुठ्ठा फिरवून घेतला. आजींच्या औषधांपासून अंघोळीपर्यंत सगळं तीच बघायची. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण आजींनी उठता-बसता त्या मुलीचे गोडवे गायला सुरुवात केली की तिच्या पोटात दुखायचं.

“किती मुली आहेत तुम्हाला?” थोरलीने विचारलं.

“एकच. पण दहाजणींना भारी. सुट्टी लागली की आमची खिडकी तिच्या चांदण्यांनी भरून जायची. रस्त्यावरची माणसं माना वर करून बघत राहायची.”

“खरंच?” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“मग काय खोटं सांगतेय?” आजी उखडल्या. “तुम्ही होतात का तेव्हा बघायला?”

ती पुन्हा कापायला लागली. या मुलीवरून तिने एकदाच आजींशी वाद घातला होता. त्या दिवशी आजींनी तिला खोलीबाहेर काढून आतून कडी लावली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या हातचं पाणीही घेतलं नाही. तेव्हापासून ती त्यांच्या होला हो करायची.

“मग ती भेटायला का येत नाही?” धाकटीने विचारलं.

“येईल की! उद्या येते म्हणालीय.” बोलता बोलता आजींनी खळीचा ब्रश चहाच्या कपात बुडवला. तिने कप हळूच काढून घेतला आणि खळीची वाटी पुढे सरकवली.

उद्या. हे रोजचंच होतं. रात्रंदिवस राबायचं हिने आणि शाबासकी सगळी तिला. आपल्यालाही एकदा, फक्त एकदा, आजींनी ‘छान’ म्हणावं असं तिला फार वाटत होतं.

तिने जाड, चांगला तुकडा निवडला. कापून झाल्यावर दुमडायच्या जागी चमच्याच्या दांड्याने दाबून रेघा ओढल्या आणि मगच दुमडला. पुठ्ठा कुठेही तडकला नाही. टोकं कशी ताठ उभी राहिली.

आजी पुढे वाकल्या. “ही युक्ती कुणी शिकवली तुम्हाला?”

“कुणी नाही. लहानपणी बघून बघून आली.”

आजींनी चांदणी उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

“बरी आहे,” आजी म्हणाल्या. “पण माझ्या मुलीच्या हाताची सर नाही.”

“बाईंचं नाक बघा! लाल झालं!” थोरली ओरडली.

सगळ्या हसल्या. तीही हसली, पण कात्री जरा जोरातच खाली आपटली.

संध्याकाळी चांदण्या खिडकीत लागल्या. मधली जागा आजींनी मोकळी ठेवायला लावली. “तिथे माझी मुलगी लावेल तिची.” बाईंची चांदणी गेली अगदी कडेला, पडद्यामागे.

सकाळी आजी उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या. डॉक्टर येऊन गेले. मुलींची आई धावत आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “फार केलंत हो तुम्ही त्यांचं. त्यांच्या मुलीला कळवलंत का?”

“कळलंय तिला.”

“निदान आता तरी येईल म्हणा.” मान हलवत मुलींची आई चहा टाकायला आत गेली.

खोलीत आणखी कुणी नव्हतं. ती पलंगाच्या कडेला टेकली, चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. मग ती हलकेच म्हणाली,

“आई, लहानपणी माझी एकही चांदणी तू कधी खिडकीत लावू दिली नव्हतीस गं.”