नावेचे खिळे

पैनगंगेच्या वाळूत उघड्या पडलेल्या जुन्या नावेत सागाच्या चौदा फळ्या आणि एकसष्ट लोखंडी खिळे होते. सुरभीने ते दोनदा मोजले आणि महिनाभराच्या पाठपुराव्याने नाव संरक्षित करून घेतली. सरकारी माणसांनी भोवती दोर बांधला, पाटी लावली: 'प्राचीन अवशेष. हात लावणे गुन्हा.' आठवड्याने ती पुन्हा गेली, तर दोर जागेवर, पाटी जागेवर. खिळा एकही नाही. कपाळावर हात मारून ती घरी आली. आईने तिच्या बोटात लोखंडी अंगठी सरकवली. "नावेच्या खिळ्याची हाये. साडेसाती टळते, नोकरी लागन तुले." "आई, पाटी नाही वाचली?" "वाचली ना. म्हणून तं अख्खं गाव गेलतं. खोट्या नावेले सरकार कायले दोर बांधन?" अंगठी नेमकी बसली. दुसऱ्या दिवशी धरणातून पाणी सुटले. पहिली फळी सापडली सव्वादोन किलोमीटर खाली.