साठ जर्नलं, एक विहीर

कुठल्या वस्तीला किती पाणी सोडायचं, हे आता यंत्र ठरवत असे, आणि ते विसंबून असे कॉलेजातल्या पोरांनी विहिरींवर जाऊन केलेल्या मोजमापांवर. हवामानबदलाच्या पेपराचं जुनंच जर्नल त्यासाठी आता सक्तीचं झालं होतं.

आठ दिवस नळ कोरडे राहिल्यावर गवळीवस्तीच्या कौसल्याबाई तडक वर्गात आल्या. "यंत्र म्हणतं, आमची विहीर भरलेली आहे. तळाला चिखलसुद्धा नाही हो."

तो पेपर शिकवणाऱ्या घोंगडेबाईंनी जर्नलं उघडली. साठही जणांचा आकडा एकच होता, पाणी काठापासून दोन मीटर दहावर.

"विहिरीवर गेलं होतं कोण?" त्या कडाडल्या. "लाज कशी वाटत नाही रे? माणसं तहानलीत तिथे."

"सीनियर्सच्या जर्नलातून उतरवलं, मॅडम," तेजल चाचरत म्हणाली. "त्यांनी त्यांच्या सीनियर्सच्या." तिने पिवळं पडलेलं मूळ जर्नल पुढे केलं.

घोंगडेबाईंनी पहिलं पान उलटलं. अक्षर त्यांचंच होतं. तो आकडा त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी, याच कॉलेजात शिकताना, कॅन्टीनमध्ये बसून ठोकून दिला होता.

कौसल्याबाई पुढे सरकल्या. "मला वाचता येत नाही, बाई. कुणाचं नाव आहे त्यावर?"