गुंड्या शहाणा झालाय

"रडणाऱ्या मुलाकडे कुणीही धावेल. तू आधी गप्प बसलेल्याकडे जात जा." नर्सिंग शिकवताना बाई हे इतक्या हळू आवाजात सांगायच्या, की मागच्या बाकावरच्या मुलींना ऐकूच यायचं नाही.

मुलांच्या वॉर्डात नव्यानं आलेल्या नर्सला आज सकाळपासून ते सारखं आठवत होतं. एका बाळाला सलाईन लावलं, ते रडलं. त्याचं ऐकून शेजारचं रडलं. मग सगळ्या वॉर्डानं सूर धरला. नर्स या खाटेकडून त्या खाटेकडे पळत होती आणि पळता पळता नजर खिडकीजवळच्या खाटेवर जात होती. तिथे गुंड्या गप्प होता.

गुंड्या दीड वर्षाचा. अपघातात मांडीचं हाड मोडल्यामुळे दोन्ही पाय पट्ट्या बांधून वरच्या दांडीला टांगलेले, दोरीच्या टोकाला वजनं. त्याच अपघातात आईचाही पाय मोडला होता. ती वरच्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात. सुरुवातीला तिला एकदा खाली आणलं होतं. परत नेताना गुंड्यानं असा आकांत केला, की पट्ट्या सुटल्या, सगळं नव्यानं बांधावं लागलं. तेव्हा डॉक्टर, नर्स, घरचे, सगळ्यांचं एकमत झालं: आता आईला आणायचंच नको. तो दोनतीन दिवस दाराकडे बघून रडला. मग थांबला.

"कसा शहाणा झालाय बघा," उशाशी बसलेली आत्या कौतुकानं म्हणाली. "घरी याच्या रडण्यानं शेजारी दार वाजवायचे. इथे हूं नाही की चूं नाही. बरा झाला तरी तुमच्याकडेच ठेवून जाते."

नर्स हसली नाही. गुंड्याच्या गालात घास तसाच होता.

"गिळत नाहीये तो."

"गिळेल हो सावकाश. बापासारखाच रेंगाळतो जेवताना."

नर्सनं खेळण्यांतलं रबराचं बदक आणलं. गुंड्यानं पाहिलं. तिनं त्याच्या देखत बदकावर रुमाल टाकला. "कुठे गेलं रे?"

या वयाचं मूल रुमाल ओढून काढतं. याच्याहून कितीतरी लहान मुलंही ओढतात. झाकलेली वस्तू आत आहे, हे त्यांना तोवर कळलेलं असतं. गुंड्याचे हात मोकळे होते. त्यानं रुमालाकडे एकदा पाहिलं आणि नजर छताकडे वळवली.

तिनं बदक काढून दाखवलं. पुन्हा झाकलं. पुन्हा छत.

"कंटाळला असेल," आत्या म्हणाली.

नर्सनं बदक बाजूला ठेवलं. ती त्याच्या कानाशी वाकली. "आई वर आहे. जिन्याच्या वर. आई आहे, गुंड्या."

त्याचे डोळे हलले. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"आणते हं," नर्स बोलून गेली. "आत्ता आणते."

आत्या ताडकन उठली. "अहो सिस्टर, हे काय भलतंच? आता कुठे जरा घडी बसलीय. वहिनीला बघितलं की पुन्हा भोकाड पसरेल. आणि एवढ्याशाला काय कळतंय? विसरलाय तो."

"विसरायला लागलाय, ताई. म्हणूनच."

नर्स मोठ्या सिस्टरांकडे गेली. त्या एका बाळाच्या हातावर शीर शोधत होत्या. मान वर न करता त्यांनी ऐकून घेतलं. "संध्याकाळी राउंडला विचारू."

"मी आत्ता म्हणून सांगून बसलेय."

"कुणाला? आईला?"

"गुंड्याला."

मोठ्या सिस्टरांनी मान वर केली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीजवळच्या खाटेकडे. "दीड वर्षाच्या पोराला शब्द दिलास?"

"हो."

शीर सापडली. बाळ किंचाळलं. त्या गोंधळातच मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "वरच्या सिस्टरांना विचारल्याशिवाय तिला उठवू नकोस. लिफ्ट मध्येच अडकते, लिफ्टवाल्याला बरोबर घे. आणि हा सुरू झाला की अख्खा वॉर्ड सुरू होईल. तो तुझा तू सांभाळायचास."

वरच्या सिस्टर कुरकुरल्या, पण पाटाएवढी फळी आणि चाकाची खुर्ची त्यांनीच काढून दिली. नर्सनं खुर्ची खाटेला लावली. ती कशाला आलीय हे कळल्यावर गुंड्याची आई आधी दचकली.

"रडतो का हो माझ्यासाठी?"

"नाही."

आईनं सुस्कारा सोडला. "मग राहू दे ना. कशाला त्याला पुन्हा..."

"तुम्हाला बघून रडेल," नर्स म्हणाली. "कदाचित आधी तोंड फिरवेल. जवळ गेलात तर मारेलसुद्धा. तेव्हा उठून जायचं नाही."

आईनं मांडीपर्यंतच्या प्लॅस्टरकडे पाहिलं. "मी कुठे उठून जातेय!" ती हसली आणि लगेच थांबली. "ओळखेल ना?"

नर्सनं वरच्या सिस्टरांना हाक मारली. दोघी सिस्टरांनी मिळून आईला उचलून खुर्चीत बसवलं, प्लॅस्टरचा पाय फळीवर नीट टेकवला, अंगावर चादर घातली. नर्सनं खुर्ची दाराकडे वळवली.

"थांबा जरा," आई घाईनं म्हणाली. इस्पितळातल्या बाईनं घालून दिलेली घट्ट वेणी तिनं भराभर सोडली. "घरी मी केस वर बांधते."