उजव्या पायाची प्रगती

पाय वाचला. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही, असं धरून चालू.

थोरला टॅक्सी चालवायचा आणि बसल्या जागी फुगत गेला होता. धाकट्याला सगळे काडी म्हणत. इस्पितळातल्या संशोधक बाईंना एक जाडा आणि एक बारीक हवाच होता. त्यांनी दोघा भावांना सायकलवर बसवलं. पॅडल फक्त उजव्या पायानं मारायचं, डावा नुसता लोंबकळत ठेवायचा. मग दोन्ही मांड्यांतून सुईनं स्नायूचा कण काढून तुलना करायची. पायांची अदलाबदल होऊ नये म्हणून उजव्या नडगीवर हिरवी फुली. ती पुसू द्यायची नाही, एवढं काम बाईंनी काडीकडे सोपवलं.

थोरल्याला हे सोयीचंच होतं. डाव्या पायाचा अंगठा साखरेनं काळा पडला होता.

"दादा, तुझ्या मांडीत बाईंची सुई हरवेल," काडी म्हणायचा.

"तुझ्यातून आरपार जाईल ती. मागे कुणी उभं राहू नका."

पहिला निकाल आला. थोरल्याचा उजवा पाय आता थोड्याशा इन्सुलिनवरही काडीच्या पायाइतकीच साखर ओढून घेत होता. डावा मात्र ढिम्म. पोराचा वर्गात नंबर आल्यासारखा बाईंनी तो उजवा पाय थोपटला.

त्याच आठवड्यात सर्जन म्हणाले, डावा गुडघ्याखाली कापावा लागेल. थोरला रडला नाही. त्यानं विचार करून ठेवला होता.

"गिअर नसलेली गाडी घेऊ," तो काडीला म्हणाला. "तिला उजवाच लागतो. पोटापाण्याचं भागेल."

ऑपरेशनच्या सकाळी अंग पुसताना फुली गेली. काडीनं ती पुन्हा काढली, चांगली ठसठशीत. मागोमाग सिस्टर ऑपरेशनआधीची खूण करायला पेन घेऊन आल्या. त्यांनी चादर उचलून फुली पाहिली, पेन परत खिशात ठेवलं आणि स्ट्रेचर मागवलं. उजवा आता सुरक्षित, अशा थाटात थोरल्यानं काडीला डोळा मारला.

शुद्धीवर येताच त्यानं विचारलं, "झालं?"

काडीनं चादरीकडे पाहिलं. चादरीबाहेर काळा अंगठा डोकावत होता.

तेवढ्यात काडीचा फोन वाजला. संशोधन विभागाचा संदेश होता: 'प्रयोगाची काही सत्रे शिल्लक आहेत. तरी सदर सहभागी व्यक्तीने उर्वरित सत्रांस उजव्या पायासह वेळेवर उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.'