तेजोमेघाचा रंग

"लाल भडक झालाय," बायको पलंगावरून म्हणाली. "हिरवा चढवा जरा."

त्यानं संगणकावरची हिरव्याची पट्टी पुढे सरकवली. पडद्यावरच्या तेजोमेघात त्याला काडीचाही फरक दिसला नाही. दिसणार नव्हताच. लाल आणि हिरवा यांचं त्याच्या डोळ्यांत जन्मापासून एकत्र कुटुंब होतं, आणि दोघांत मिळून एकच मळकट खाकी.

असा माणूस गेली अकरा वर्षं आकाशाचे रंगीत फोटो काढत होता. कॅमेरा कृष्णधवल. त्यापुढे लाल, हिरवी, निळी काच लावून तीन वेगळे फोटो घ्यायचे आणि घरी बसून ते एकात एक मिसळायचे. घ्यायचं काम त्याचं. मिसळताना 'अजून' आणि 'बास' म्हणायचं काम बायकोचं. हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात याचा कुणाला पत्ता नव्हता. "रंगांची नजर असावी तर यांच्यासारखी," असं अध्यक्ष दरवर्षी म्हणत, आणि तो दरवर्षी विनयानं मान खाली घालत असे.

यंदा मंडळाच्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ त्याच्याकडे आलं होतं. दुपारी तीनपर्यंत फोटो पाठवायचा होता. कॅलेंडर भिंतीवर लागेपर्यंत बायको असेल, असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. तिला वाटत होतं, निदान रंग तरी आपल्या हातचा जावा.

"अजून," ती म्हणाली. "अजून... बास! आता हात लावू नका."

तेवढ्यात मुलगी औषधं घेऊन आली आणि पडद्यासमोर थबकली.

"बाबा, हे काय? नुसतं शेवाळ आलंय! लाल कुठाय?"

"तुझ्या आईनं पास केलंय."

"आईनं? पण बाबा, आई तर..."

तिनं पलंगाकडे बोट केलं. तो खुर्चीतच मागे वळला.

काल ऑक्सिजनच्या सिलिंडरला जागा हवी म्हणून त्यानं संगणकाचं टेबल पलंगाच्या पलीकडे, खिडकीशी नेलं होतं. बायकोच्या डोळ्यांदेखत. निदान तशी त्याची समजूत होती. ती उशीला टेकून, डोळे बारीक करून, टेबलाच्या जुन्या जागेकडे बारकाईनं बघत होती. तिथं सिलिंडर होता.

"काय म्हणतेय कार्टी?" तिनं सिलिंडरला विचारलं.

मुलीनं तोंड उघडलं. त्यानं नुसता हात वर केला.

"काही नाही," तो म्हणाला. "छान आलाय म्हणतेय."

"न यायला काय झालं?"

पावणेतीन झाले होते. त्यानं हिरवागार तेजोमेघ, स्वतःच्या नावासकट, मंडळाला पाठवून दिला.

"गेला?"

"गेला."

"मग सरका की बाजूला. मधेच बसलाय मघापासून. मला एकदा नीट बघू दे."

तो उठला आणि बाजूला सरकला.