फक्त सोबतचाच

दुकानदार कय्यूमभाऊंनी गेमचा कंट्रोलर संगणकाला जोडायचे दोन वायरलेस रिसीव्हर पुढे ठेवले. "हा कोन्ताबी कंट्रोलर पकडते. हा फक्त सोबतचाच."

"सोबतचाच द्या, भाऊ. दुसऱ्याचा नको."

मागच्या महिन्यात मी आजाराचं सोंग केलं आणि माझ्या पाळीवर धाकटा श्रीहरी खाणीत गेला. मी घरी खेळत बसू नये म्हणून रागानं त्यानं आमचा कंट्रोलर डब्याच्या पिशवीत घालून नेला. खाणीचं छत बसलं. श्रीहरीचं प्रेत वर काढलं. पिशवी खालीच राहिली.

घुग्घुसला घरी येऊन रिसीव्हर लावला. नवा कंट्रोलर अजून खोक्यातच होता, तरी कंट्रोलर जोडला गेल्याचा हिरवा दिवा लागला.

मी कीबोर्डवरून गेम सुरू केला. तो थांबला.

पुन्हा सुरू केला. पुन्हा थांबला.

स्वयंपाकघरातून आई वैतागून ओरडली, "खेळू दे ना त्याले, श्रीहरी!"